टाकीचा उतार आणि भावजींचे ब्रेक

सरळ

भावजींना ऑफिसात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे आपण चुकून साहेबांच्या पुढे जाऊ.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली मंडळी शनिवारी सकाळी साहेबांबरोबर सायकल चालवायला जात. सक्ती नव्हती. सक्ती नाही, हे साहेब दर शुक्रवारी प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन स्वतः सांगायचे, आणि सांगताना समोरच्याचा चेहरा नीट बघून ठेवायचे. रस्ता ठरलेला. ऑफिसच्या फाटकापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढ, आणि टाकीच्या मागच्या अंगाने उतार. नियमही एकच, आणि तो कुणी कधी तोंडाने उच्चारलेला नव्हता. साहेबांच्या पुढे जायचं नाही.

चढावर तो नियम आपोआप पाळला जाई, कारण साहेबांची सायकल हलकी आणि बाकीच्यांचे श्वास जड. उतारावर पंचाईत व्हायची. सायकलीला हुद्दा कळत नाही. साहेब पुढे सावकाश जात आणि त्यांच्या मागे सगळं ऑफिस ब्रेक आवळून असं किंचाळत उतरे की टाकीवरची कबुतरं उडून पार पलीकडच्या गच्चीवर जाऊन बसत.

भावजी या लवाजम्यात सगळ्यांत शेवटी. घरात ते ताईंचे ‘अहो’, ऑफिसात उपप्रमुख. पण ताईंचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायला होता आणि त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांना सरसकट भावजी म्हणू लागले होते, आणि म्हणणाऱ्यांत भावजींपेक्षा वयाने मोठे असलेले दोन गृहस्थही होते.

त्यांची सायकल म्हणजे जाड टायरची, एकाच गिअरची, डोंगरात चालवायची म्हणून घेतलेली आणि डोंगर न बघितलेली. साहेबांची हाक येईपर्यंत तिच्यावर चादरी वाळत.

त्या वर्षी साहेबांच्या हाताखालच्या प्रमुखांची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची ते साहेब ठरवणार होते. तिच्यावर डोळा ठेवून दोघे उपप्रमुख बसलेले. एक भावजी. दुसऱ्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येई, एरवी सगळे त्याला होयबा म्हणत, आणि तोही त्याला हो म्हणे. होयबाने एका शनिवारी वळणाच्या हँडलची सायकल आणली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, साहेबांच्या सायकलीला होतं तस्संच. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग भावजींकडे वळून म्हणाले, “सरळ हँडलवर माणूस कसा दिसतो बघा. हवा खायला निघाल्यासारखा! वाकायला हवं हो. वाकल्याशिवाय वेग नाही.”

सगळे हसले. भावजी सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि घरी येईपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता.

वळण

“नवी सायकल?” ताई म्हणाल्या. “आधी या सायकलीचा चादरींचा वास तरी जाऊ दे.”

“नवी नको गं. हिलाच वळणाचं हँडल बसवतो. बाजारात सुटं मिळतं.”

“आणि चादरी?”

“चादरी वाळतील कुठेतरी. माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे.”

“खुर्ची पाहिजे तर सायकल कशाला वाकवताय?”

भावजी पाना शोधायला गेले.

जिन्याखालच्या बोळात सायकल उलटी उभी राहिली. भंगारातून एक वळणाचं हँडल आलं, त्याच्या बरोबरीचे ब्रेकचे लिव्हर आले, ब्रेकची नवी रबरं आली, गुंडाळायला काळी पट्टी आली. जुन्या पकडीत नवं हँडल थोडं सैल बसत होतं. भावजींनी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घातला आणि स्वतःवर इतके खूश झाले की ताईंना स्वयंपाकघरातून बोलावून तो पत्रा दाखवला. पत्रा आत गेल्यामुळे दिसत नव्हता. ताईंनी न दिसणाऱ्या पत्र्याला “छान” म्हटलं आणि परत गेल्या.

मग मेहुणा आला.

“भावजी, एक सांगू?”

“नको.”

“ब्रेक लागायचे नाहीत.”

“नको म्हटलं ना?”

“हे बघा, रागावू नका. या चाकाशी जे ब्रेक आहेत ना, हे दोन उंच दांडे, त्यांना तार खूप ओढायला लागते. आणि तुम्ही आणलेले लिव्हर तार ओढतात एवढीशी. मूठ पार हँडलला टेकेल, तरी रबरं रिमला नुसती हात लावून परत येतील.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? समजतं.”

इथे मेहुण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. तो दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकायचा, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्याला काही ना काही समजत असे. त्याला समजलं म्हणून घरातल्या फ्रिजच्या पुढच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे गेले होते. तेव्हापासून फ्रिजचं दार सोडलं की तोफेसारखं बंद व्हायचं. ताईंची करंगळी त्यात एकदा सापडली होती. त्याला समजलं म्हणून गच्चीचे कठडे रंगवले होते आणि ते अजून ओले होते. इतक्या सातत्याने चुकणारा माणूस मध्येच एकदा बरोबर निघेल, ही शक्यता कुणी का धरावी?

शिवाय तो बायकोचा धाकटा भाऊ. भावजी त्याच्या घरचे जावई. जावयाने मेहुण्याकडून ब्रेक शिकायचे म्हणजे उद्या मेहुणा ताटावर कसं बसायचं तेही शिकवणार.

“हे बघ,” भावजींनी फोन पुढे केला. जगभरच्या सायकलवाल्यांचा एक गट होता, तिथे त्यांनी प्रश्न टाकला होता. ‘लोखंडी अस्वल’ नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं होतं. मी गेली कित्येक वर्षं असेच ब्रेक वापरतो. मला काही झालेलं नाही.

मेहुण्याने ते वाचलं. “ज्यांना झालं ते कशाला लिहायला येतील, भावजी?”

“तुला काही काम नाही का रे?”

“आज डॉक्टर लोक सुट्टीवर आहेत.”

भावजींनी रबरं रिमच्या अगदी जवळ आणून आवळली. लिव्हर दाबला. चाक थांबलं. हाताने फिरवलेलं, बोळातलं, हवेतलं चाक. “बघ!” ते म्हणाले. चाक सोडलं तर रबर खस् खस् घासू लागलं, म्हणून त्यांनी तार जराशी ढिली केली. मग घासायचं बंद झालं.

“आता?” मेहुणा म्हणाला.

“आता काय?”

“आता दाबा.”

“अगं ए,” भावजींनी आत हाक मारली, “तुझ्या भावाला चहा दे.”

उतार

पुढच्या शनिवारी फाटकात साहेबांनी सायकल बघितली. “वा!” ते म्हणाले. “वाकलात.” होयबाचा चेहरा उतरला. चढ नेहमीसारखा गेला, सपाटीवर थांबायची वेळ आली तेव्हा भावजींनी बूट जमिनीला घासून काम भागवलं आणि मनाशी म्हणाले, नवी रबरं आहेत, बसतील हळूहळू, आणि टाकीला वळसा घालून साहेब उतारावर लागले, त्यांच्यामागे होयबा लागला, त्याच्यामागे भांडारपाल आणि पंपवाले आणि टायपिस्ट बाई, आणि शेवटी भावजी, ज्यांनी सवयीने लिव्हर दाबला आणि तो हँडलला टेकला आणि काहीच झालं नाही, म्हणून आणखी दाबला, पण टेकलेल्या लिव्हरला आणखी कुठे दाबणार, आणि सायकल टायपिस्ट बाईंच्या शेजारून गेली, बाई “अहो!” म्हणाल्या, पंपवाले काही म्हणायच्या आत मागे पडले, भांडारपालाने बाजूला होत नाली गाठली, भावजी ओरडत होते “बाजूला, बाजूला”, पण नवं हँडल वाकवत असल्यामुळे तोंड पुढच्या चाकात होतं आणि आवाज चाकातच जात होता, आणि होयबा वळून बघतो तोच होयबाही मागे गेला, आणि आता पुढे एकच पाठ उरली, निळ्या बनियनमधली ती पाठ जी गेली कित्येक वर्षं सगळ्यांनी फक्त पाठ म्हणूनच बघितली होती, भावजींनी मनातल्या मनात रजा, राजीनामा, बदली, सगळं करून बघितलं, पण उतार काही कुणाचा अर्ज वाचत नाही, आणि ते साहेबांच्या बरोबरीला आले, आणि मान थोडी वळली, आणि त्यांनी साहेबांचा चेहरा बघितला, समोरून, उतारावर, जो ऑफिसात कुणीच कधी बघितला नव्हता, डोळे पार विस्फारलेले, ओठ आत ओढलेले, दोन्ही मुठी लिव्हरवर पांढऱ्या पडलेल्या, एखादं लहान मूल आकाशपाळण्यात सगळ्यांत वर अडकावं तसा तो चेहरा, साहेब जोरात नव्हते जात कधीच, साहेब घाबरत होते, वर्षानुवर्षं घाबरत होते आणि सगळं ऑफिस त्यांच्या भीतीच्या मागे ब्रेक लावून किंचाळत होतं, हे भावजींना एका क्षणात कळलं आणि पुढच्या क्षणी वारा कानात असा भरला की ते विसरलेसुद्धा, कारण पोटात काहीतरी सुटलं, हलकं झालं, ते हसत होते की काय कोण जाणे, आणि मग वळण, आणि बांधकामाची वाळू.

वाळू मऊ होती.

केबिन

सोमवारी भावजींच्या टेबलाशेजारी कुणी बसलं नाही. चहाचा कपसुद्धा शिपायाने टेबलाच्या कडेला ठेवला, लांबून. होयबाचं टेबल मात्र गजबजलेलं होतं. तो हळू आवाजात सांगत होता की मला तर आधीपासून वाटायचं.

दुपारी साहेबांनी बोलावलं.

“बसा. पायाला लागलं?”

“खरचटलंय थोडं, साहेब. ब्रेकचं असं झालं की...”

“ब्रेकचं नंतर.” साहेबांनी पेपरवेट फिरवला, थांबवला, परत फिरवला. “माझ्या शेजारून गेलात तेव्हा तुम्ही... वळून बघितलंत का?”

“कुठे, साहेब?”

“मागे. किंवा बाजूला.”

भावजींच्या डोळ्यांसमोर तो चेहरा आला. आणि त्याच्या मागोमाग आली प्रमुखांची ती खुर्ची, खिडकीजवळची, उंच पाठीची, गेली इतकी वर्षं ज्या खुर्चीसमोर ते फायली घेऊन उभे राहिले. एक वाक्य बोललं तर ती गेली. दुसरं बोललं तर कदाचित.

“नाही, साहेब. डोळे मिटले होते.”

“पूर्ण?”

“गच्च.”

साहेबांनी श्वास सोडला. “बरं झालं,” ते म्हणाले. “म्हणजे, वाईट झालं. डोळे मिटून चालवू नये.” मग खिडकीबाहेर बघत: “येत्या शनिवारी उतारावर तुम्ही पुढे व्हा.”

“मी? तुमच्या पुढे?”

“पुढे. पण फार पुढे नको. एक सायकल मावेल एवढंच अंतर. आणि ते ब्रेक नीट करून घ्या. चांगले लागले पाहिजेत.”

भावजी दारापाशी पोचल्यावर साहेब म्हणाले, “प्रमुखांच्या जागेचं मी मनावर घेतलंय बरं का.”

तार

त्या संध्याकाळी भावजी मेहुण्यासमोर जाऊन उभे राहिले. मेहुणा पलंगावर पडून दातांच्या खुर्च्यांची माहितीपत्रकं चाळत होता.

“तू बरोबर होतास,” भावजी भिंतीकडे बघत म्हणाले.

मेहुणा उठून बसला. “काय?”

“ऐकलंस तू.”

“नाही ऐकलं. ताई! ताई, लवकर ये! भावजी काहीतरी म्हणतायत!” ताई ओल्या हातांनी धावत आल्या. “हं, म्हणा आता.”

“तू,” भावजी म्हणाले, “ब्रेकच्या बाबतीत, बरोबर होतास.”

“फक्त ब्रेकच्या?”

“फक्त ब्रेकच्या. फ्रिजचे ठोकळे आजच काढायचे.”

ताई इतक्या हसल्या की त्यांना पलंगावर बसावं लागलं. मेहुण्याने मात्र तो क्षण हसण्यावारी नेला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन लिव्हर घेऊन आला. दिसायला आधीसारखेच, पण आतून जास्त तार ओढणारे. वळणाच्या हँडलला हे असले उंच दांड्यांचे ब्रेक लावायचे असतील तर हेच लागतात. त्याने भावजींना बोळात उभं केलं, पाने त्यांच्या हातात दिले आणि स्वतः स्टुलावर बसून सूचना दिल्या. “आवळा. एवढं नाही. भावजी, तुम्ही फाईल बांधत नाही आहात. हां. आता सोडा. दाबा.”

भावजींनी दाबलं. रबरांनी रिम अशी पकडली की फिरणारं चाक जागच्या जागी गोठलं. गल्लीत चालवून बघितलं तर एका बोटाने सायकल थांबली. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन बोटं लावली आणि ते हँडलवरून पुढे जाता जाता वाचले.

“वा,” ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, हळू: “वा.”

“मग? बसली ना खुर्ची?” मेहुण्याने विचारलं. त्याला ब्रेक म्हणायचं होतं, पण खुर्च्यांची भाषाच अंगवळणी पडली होती.

उतार, परत

टाकीपाशी साहेब थांबले. सगळे थांबले.

“चला,” साहेब भावजींना म्हणाले. “व्हा पुढे.”

होयबाचं तोंड उघडं राहिलं. कबुतरंही यावेळी थांबून राहिली होती.

भावजी निघाले. ब्रेक. मागे साहेब. एका सायकलीचं अंतर. ब्रेक. उतार सुरू झाला. लिव्हर बोटाखाली जिवंत होता, जरा स्पर्श केला की सायकल ऐकायची. इतकं ऐकणारं आजवर त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं. ब्रेक. मागून साहेबांच्या ब्रेकचा आवाज. त्याच्या मागून सगळ्यांचा. भावजींनी मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तो चेहरा कसा असेल ते त्यांना पाठ होतं. ब्रेक.

आणि मग ती जागा आली. गेल्या वेळी पोटात काहीतरी सुटलं होतं ती. तिथे भिंतीला शेवाळ होतं आणि ओल्या दगडाचा वास यायचा. बोटं आपसूक सैल झाली. सायकल सुटली. अंतर दीड सायकलीचं झालं. वारा आला कानात. दोन सायकलींचं. आता नाही दाबलं तर तो हलकेपणा परत येणार होता, यावेळी चुकून नव्हे, ब्रेक नीट लागत असताना, स्वतःच्या मर्जीने.

“अहो!” मागून आवाज आला. साहेबांचा. बारीक.

भावजींना खुर्ची दिसली. खिडकीजवळची.

ब्रेक.

अंतर एका सायकलीचं झालं. ब्रेक. वळण. ब्रेक. वाळूचा ढीग अजून तिथेच होता, त्यात त्यांच्या ढोपराचा खड्डाही. ब्रेक. ब्रेक. ब्रेक. फाटक.

साहेब उतरले. रुमालाने कपाळ पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय हो, मध्ये आलात! तुम्ही पुढे नसतात तर आज मी सोडणार होतो सायकल.”

“दिसत होतं, साहेब,” होयबा म्हणाला. “आम्हाला मागून दिसत होतं.”

“फार हळू चालवतात हे,” भांडारपाल म्हणाला.

टायपिस्ट बाईंनी मान हलवली. पंपवाल्यांनी मान हलवली. इतकी वर्षं उतार हळू का उतरायचा, याचं कारण आता सगळ्या ऑफिसाला मिळालं होतं, आणि ते घामाने भिजून वळणाच्या हँडलवर वाकून उभं होतं.

“माझंच चुकलं, साहेब,” भावजी म्हणाले.

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. होयबाला मारली होती त्यापेक्षा जोरात.

रबर

“झालात?” ताईंनी दारातच विचारलं.

“झालो प्रमुख. साहेबांनी फाटकातच सांगितलं. सोमवारपासून.”

“मग तोंड असं का?”

“कसं?”

ताईंनी चहा पुढे ठेवला. भावजींनी कप उचलला आणि परत ठेवला. बोटं सरळ होत नव्हती. लिव्हरवर होती तशीच, वळलेली. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उलगडलं. सोडलं की ते परत मिटायचं. ताईंनी तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि चोळू लागल्या.

बोळातून मेहुण्याची हाक आली, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी. “भावजी! अहो, हे काय केलंत? परवाच बसवलेली रबरं, अर्धी झिजली! एका उतारात? मी सांगतो, रिमलाच काहीतरी झालंय. मला समजतं त्यातलं. एवढं कोण घासतं?”

भावजींनी बघितलं, फ्रिजखालचे ठोकळे अजून तिथेच होते.

“रिमला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “तू असं कर. रबरं जास्तीची आणून ठेव.”

“किती?”

भावजींनी आपल्या हाताकडे बघितलं. आपल्या निवृत्तीला अजून किती वर्षं आहेत, ते आठवलं.

“मिळतील तेवढी,” ते म्हणाले.